बाकीच्यांची रांग

"आज तिचा फोन येईल. दुपारी. आणि तुम्ही जर का 'ठेवू का' म्हणालात ना, तर याद राखा!"

बायको दारात आडवी उभी होती. एका हातात त्याचा डबा, दुसरा हात चौकटीवर. डबा तिच्या ताब्यात असल्यामुळे त्याला निघताही येईना. एक पाय बुटात आणि एक बाहेर, असा तो भिंतीला धरून उभा होता.

"कुणाचा फोन?"

"कुणाचा म्हणजे? लेकी किती आहेत तुम्हाला?"

लेक एकच होती. लांबच्या शहरात नोकरी करत होती, तिथंच तिनं संसार थाटला होता. लहानपणी ती एकदा बोलायला लागली की पाहुणे घड्याळाकडे बघायला लागत. म्हणून त्यानंच तिचं नाव 'टकळी' ठेवलं होतं. अजूनही त्याच्या मोबाइलवर ती टकळी याच नावानं होती. तेवढं एक शिल्लक होतं.

"तिचं आणि जावयांचं फिसकटलंय," बायको म्हणाली. आवाज खाली आला होता. "वेगळी राहतेय ती. मला मागेच सांगितलं. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

तो बूट घालायचा विसरला. "मला का नाही?"

"'बाबा कामात असतात' म्हणाली. रागानं म्हणाली असती ना, तर मला बरं वाटलं असतं. पण सहज म्हणाली. बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं." तिनं डबा त्याच्या हातात कोंबला. "मीच तिच्या मागे लागले की तुझं तू सांग त्यांना. कशीबशी तयार झालीय. आता उपदेश करू नका, जावयाचा उद्धार करू नका, काही करू नका. नुसतं ऐका. कान दोन दिलेत ना?"

"ऐकेन की," तो म्हणाला. त्याला वाटलं, यात काय अवघड आहे? माणसांना अवघड गोष्टींबद्दल नेहमी असंच वाटतं.

तो एका मोठ्या रुग्णालयात होता, पण कुणाची नाडी बघायला नव्हे. रुग्णालयातले सगळे संगणक बाहेरच्या जगाला एका तारेनं जोडलेले होते आणि त्या तारेच्या तोंडाशी एक यंत्र बसवलेलं होतं. आत काय यायचं, काय नाही, आणि आलं तर किती वेगानं, हे ते यंत्र ठरवायचं. यंत्राला तो सांगायचा. त्या यंत्राला इंग्रजी नाव होतं, पण सगळ्यांना समजावं म्हणून तो त्याला फाटक म्हणायचा. त्यावरून मेट्रनबाईंनी त्याला 'फाटकवाले' करून टाकलं, आणि आता पगाराच्या दिवशी खिडकीतला माणूससुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारत असे. जिन्याखालच्या थंडगार खोलीत, हिरव्या दिव्यांच्या उजेडात, त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. यंत्रं मुद्द्याचं बोलतात आणि बोलून झालं की थांबतात, हे त्याला आवडायचं.

त्या दिवशी मात्र पोहोचतो न पोहोचतो तोच एक्स-रेचे डॉक्टर खोलीच्या दारात. हे डॉक्टर मुळात भला माणूस, पण आवाज असा की कुजबुजले तरी वॉर्ड जागा व्हावा.

"फाटकवाले, सकाळपासून चित्रं मुंगीच्या पावलानं येताहेत! तिकडे पेशंट झोपवून ठेवलेत लोकांनी!"

आसपासच्या छोट्या दवाखान्यांत स्कॅनची यंत्रं होती, पण ते स्कॅन वाचणारा डॉक्टर नव्हता. ती सगळी चित्रं तारेवरून इथे यायची, हे डॉक्टर बघायचे आणि फोनवरून सांगायचे की पेशंटला तिथेच ठेवा किंवा गाडीत घालून इकडे आणा. आणि आजच नोंदणी विभागात नवे कोरे संगणक लावले होते. एखाद्या घरी उपाशी पाहुणे एकदम उतरावेत तसे ते सगळे मिळून बाहेरून काहीबाही ओढून घेत बसले होते. शिवाय बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक मोबाइलवर मालिका बघत होते. त्यांचाही काय दोष? रुग्णालयात वेळ दुसऱ्या कशानं जातो?

उपाय त्याला पाठ होता. फाटकाशी रांगा लावायच्या. पहिली रांग दवाखान्यांच्या चित्रांची. तिला हवा तेवढा रस्ता. दुसरी कार्यालयाच्या कामाची. आणि तिसरी बाकीच्यांची. बाकीच्यांना उरलीसुरली धार. हे काम तो डोळे मिटून करू शकत असे, आणि त्या दिवशी त्यानं ते जवळजवळ तसंच केलं. बोटं यंत्रावर होती आणि डोक्यात बायकोचं वाक्य फिरत होतं. सहज म्हणाली. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं.

काम झाल्यावर त्यानं मोबाइल काढून पाहिला. काही नव्हतं. दुपार व्हायची होती अजून. त्यानं मोबाइल खिशात ठेवला, परत काढला, टेबलावर ठेवला, टेबलावर नको म्हणून परत खिशात ठेवला.

"हे काय चालवलंय, फाटकवाले?" मेट्रनबाई आत आल्या. त्या कुठल्याही खोलीत आल्या की खोली लहान वाटायची. "आमच्या पोरींना शिकवणीची फिल्म दाखवत होते. पडद्यावरच्या बाई तोंड उघडून थिजल्यात. सुई हातात, तोंड उघडं! पोरी नुसत्या खिदळतात."

"तुम्ही सध्या बाकीच्यांत आहात, बाई."

"वा! जन्म गेला इथे आणि आम्ही बाकीचे!" त्या खुर्चीत बसल्या. "पण मला एक सांगा. पाठवणारा तिकडे कुठे लांब बसलाय. तुम्ही इथं जिन्याखाली बसून त्याला अडवता कसे?"

हा प्रश्न त्याला फार आवडायचा आणि तो त्याला कधीच कुणी विचारत नसे. त्यानं खुर्ची वळवली.

"खरं सांगू? येणाऱ्यावर आपला काही जोर चालत नाही. ते तारेतून येतंच. आपण काय करतो, फाटकाशी आलेल्यातलं थोडं टाकून देतो. पाठवणारा एकेक तुकडा सोडतो आणि पोच येण्याची वाट बघतो. पोच आली नाही की त्याला वाटतं, इकडे गर्दी दिसतेय. मग तो आपणहून हळू होतो. परत टाकलं, की आणखी हळू."

"आणि सारखंच टाकत राहिलात तर?"

"तर तो दर खेपेला आधीच्या दुप्पट थांबतो आणि मग विचारतो. शेवटी नाद सोडतो."

"म्हणजे भांडायचं नाही, दार लावायचं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या, "नुसतं 'हं'सुद्धा न म्हणता बसून राहायचं, की समोरचा आपोआप गप्प! अहो, याला यंत्र कशाला हवं? आमच्या यजमानांना हे जन्मतःच येतं!" आणि त्या स्वतःच्याच विनोदावर मनमुराद हसत उठल्या. "दुपारपर्यंत आमच्या बाईंचं तोंड मिटवा तेवढं."

तोही हसला. त्या गेल्यावर आणखी थोडा वेळ त्याच्या चेहऱ्यावर ते हसू राहिलं, आणि मग कधी गेलं ते त्याला कळलंच नाही.

टकळी वसतिगृहात होती तेव्हा रोज संध्याकाळी फोन करायची. मैत्रिणीनं काय केलं, कोण पडलं, कोण रडलं, गणिताच्या बाईंनी केस कसे कापले. त्याची नजर इथल्या पडद्यावर असायची. सुरुवातीला तो 'हं' म्हणायचा. मग 'हं'ही राहून जायचं. "बाबा, ऐकताय ना?" "ऐकतोय गं. ठेवू का?" रोजचा फोन दिवसाआड झाला. मग रविवारी. मग एखाद्या रविवारी. आता तर "सगळं ठीक ना?" "ठीक." "आईला देऊ?" एवढंच. तो मनात म्हणायचा, पोरगी शहाणी झाली, मोठी झाली. त्याला ते बरंही वाटायचं. छे! त्याला खुर्चीत बसवेना. तो उठून यंत्राभोवती विनाकारण फेरी मारून आला. डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला.

दुपारी डॉक्टर पुन्हा दारात आले. या खेपेला आवाज खाली होता, आणि त्यामुळेच तो दचकला.

"टेकडीपलीकडच्या दवाखान्यातून डोक्याचा स्कॅन निघालाय. एक आजी जिन्यावरून पडल्यात. तुमच्या रांगा लागल्यात ना? मग येत का नाही?"

"बघतो," असं तो म्हणतोय तोच खिशातला मोबाइल वाजला. टकळी.

त्यानं घेतला. घेतला, हेही खरंच आहे.

"बाबा, कामात आहात?"

"नाही नाही, बोल."

"ते… आई काही बोलली का तुमच्याशी?"

"आं? नाही. म्हणजे…" त्याची नजर पडद्यावर गेली. पहिली रांग मोकळी होती आणि तिसरी तुडुंब भरलेली. असं कसं? दारात डॉक्टर या पायावरून त्या पायावर होत होते.

"घाबरण्यासारखं काही नाही, बाबा. फक्त तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून…"

तिसऱ्या रांगेत काहीतरी मोठं अडकलं होतं. पुन्हा पुन्हा आपटत होतं.

"बाबा?"

"हं. ठेवू का? मी करतो तुला."

"हो हो, ठेवा. काही विशेष नाही."

तिनं इतक्या चटकन म्हटलं, की त्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. जणू तिचं उत्तर आधीपासून तयार होतं. फोन बंद झाला. त्याचं तोंड कडू झालं. पण आजी जिन्यावरून पडली होती आणि डॉक्टर दारात उभे होते.

चूक सापडायला वेळ लागला नाही. टेकडीपलीकडचा दवाखाना नुकताच नव्या जागेत गेला होता. तिथल्या तारेचा पत्ता बदलला होता. त्यांनी तसं कळवलंही होतं, आणि तो "करतो" म्हणाला होता. पण फाटकाला जुनाच पत्ता ओळखीचा होता. नवा पत्ता फाटकासाठी कुणी परका. परक्याची जागा बाकीच्यांत. ज्यांच्यासाठी रांग लावली होती तेच सकाळपासून मालिका बघणाऱ्यांच्या मागे उभे होते, आणि फाटक त्यांचं सामान उचलून टाकून देत होतं.

त्यानं पत्ता बदलला. दवाखाना पहिल्या रांगेत घेतला. "मोकळं केलं," तो म्हणाला.

दोघं पडद्याकडे बघत राहिले. काहीच आलं नाही.

"अहो, मोकळं केलं म्हणताय ना?"

"केलंय. पण पलीकडचा इतक्यांदा आपटलाय की आता थांबून थांबून विचारणार. कदाचित…"

डॉक्टरांनी दवाखान्यात फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे एक नर्स होती; तिच्या मागे स्ट्रेचरची चाकं करकरत होती. "पाठवून पाठवून कंटाळलो, डॉक्टर. तुमच्याकडे घेतच नाहीत! आता आजींना गाडीतच घालतोय. रस्ता कसला आहे ते तुम्हाला माहितीय, पण करणार काय?"

त्यानं डॉक्टरांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. "ताई, थांबा. आजींना हलवू नका. एकदा पाठवा."

"आणि परत तेच झालं तर?"

"नाही होणार. इकडची चूक होती. माझी. एकदाच पाठवा, आता मी घेतो."

पलीकडे चाकांची करकर थांबली. मग ती कुणाला तरी म्हणाली, "उतरवा त्यांना. अजून एकदा बघू."

आधी अगदी थोडंसं आलं. मग थांबलं. मग आणखी थोडं, मग जरा जास्त. पलीकडचा बिचकत बिचकत पाऊल टाकत होता. एकेका तुकड्याची पोच जात होती, तसा त्याला धीर येत गेला, आणि मग चित्र धावतच आलं. डॉक्टर वर पळाले. थोड्या वेळानं त्यांचा तो मूळचा आवाज जिन्यावरून खाली आला, "आत काही नाही! आजींना तिथेच ठेवा म्हटलं! टणक आहे म्हातारी!"

फाटकवाल्यानं लगेच लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्यानं परत लावला. पुन्हा तेच.

मग मोबाइल वाजला. घरचा होता.

"बोललात?" बायकोनं विचारलं.

त्यानं टेबलावरचा डबा उगाच पलीकडे सरकवला.

"'ठेवू का' म्हणालात ना?"

"अगं, एक आजी जिन्यावरून…"

"म्हणालात," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

त्या दुपारी तो एका जागी बसला नाही. जिन्यावरून वर गेला, खाली आला. नोंदणी विभागात जाऊन नवे संगणक उगाच पाहून आला. वाटेत मेट्रनबाई भेटल्या. "आमच्या बाईंनी तोंड मिटलं बरं का! सुईही टोचली!" तो कसनुसा हसला. निघायच्या आधी त्यानं बाकीच्यांची रांगही सैल करून टाकली. नोंदणीतल्या त्या उपाशी पाहुण्यांचं पोट भरलं होतं, आता घाई कुणालाच नव्हती. आणि तो स्वतःशीच म्हणाला, इतकी वर्षं मी या फाटकाशी बसलो, आणि माझ्याच घरचा पत्ता मी कुठल्या रांगेत ठेवला होता?

संध्याकाळी घराच्या जिन्यापाशी आल्यावर पाय वर जाईनात. वर बायको होती, आणि तिला सांगण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला. न खाल्लेला डबा शेजारी ठेवला आणि फोन लावला.

या खेपेला तिनं पहिल्याच घंटीला घेतला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

त्याला क्षणभर कळलंच नाही ती अशी का घाबरली. मग कळलं. 'मी करतो तुला' म्हणून त्यानं आजवर कधी फोन केलाच नव्हता, आणि आज दुपारपासूनचा हा तिसरा होता. बापाचा फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं असणार, एवढाच हिशेब तिच्याजवळ होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सगळे बरे आहेत गं. मी सहज केला."

"सहज?" तिला काही ते पटलं नाही. "कामात नाही तुम्ही?"

"नाही. जिन्यात बसलोय."

"जिन्यात का?"

"घरात तुझी आई आहे."

ती हसली. अगदी थोडंसं, आणि लगेच थांबली. तो वाट बघत राहिला. सांगून टाकावं की मला सगळं माहीत आहे, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यानं दात आवळले. तिचं आहे, तिच्याकडूनच यायला हवं. आपण नुसतं घ्यायचं.

"इकडे आज पाणीच नव्हतं," ती म्हणाली.

"हं. मग?"

"मग काय… खालून भरून आणलं. जिने चढून चढून पाय गेले."

"किती जिने?"

"तिसरा मजला." ती थांबली. "तुम्हाला काहीतरी असेल ना, बाबा…"

"काही नाही. तिसरा मजला. मग?"

"शेजारच्या काकूंनी एक घागर दिली. चांगल्या आहेत. खूप बोलतात."

"तुझ्यापेक्षा?"

"मी कुठे बोलते आता?" ती म्हणाली. सहज म्हणाली.

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं. वर आणखी कुणीतरी बादली ठेवली. तो मोबाइल कानाला घट्ट दाबून बसला होता.

"बाबा, मी घर बदललंय."

"हं," तो म्हणाला. "किती खोल्या आहेत?"

"एकच. एकीला पुरते."

जावयाचा उद्धार जिभेवर आला होता, तो त्यानं गिळला. "खिडकी आहे?"

"आहे. सकाळी ऊन येतं." आणि मग ती हलकेच म्हणाली, "ठेवू का, बाबा?"

त्याचेच शब्द, त्याच्याच सुरात. तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं. घरात बाप जसं बोलतो तसं पोरं बोलतात, तेवढंच.

"नको," तो म्हणाला. "नको ठेवूस. मी आज तुला मधेच तोडलं. आजच असं नाही. नेहमीच तोडत आलो. तू किती वेळा आलीस आणि मी घेतलं नाही, ते मला आज कळलं. माझं चुकलं, पोरी."

पलीकडून काही आलं नाही. फोन चालू होता, त्यातून तिच्या खोलीचा आवाज येत होता, पंख्याचा असावा. त्याला वाटलं, काहीतरी बोलून ही शांतता भरावी. त्यानं भरली नाही.

"बोल, टकळी," एवढंच तो म्हणाला. "सावकाश बोल."

पलीकडे तिनं नाक ओढलं. आणि मग तिनं सुरुवात केली. एक वाक्य, थांबणं. अर्धं वाक्य, थांबणं. तो आहे का हे ती पुन्हा पुन्हा तपासत होती, आणि तो दर वेळी "हं" म्हणत होता.

वर दार उघडलं. बायको हातात चावी घेऊन त्याला शोधायला निघाली होती. वळणावर येऊन तिनं त्याला पाहिलं, फोन पाहिला, त्याचा ओला चेहरा पाहिला. जिन्याचा दिवा लावून ती त्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. त्याच्या शेजारचा डबा तिनं उचलला. तो जड लागला, तसा तिनं तो मांडीवर घेतला.

फोनमधून आता शब्द भरभर येत होते, जुन्या सवयीनं एकमेकांना ढकलत. त्यातले थोडे तिलाही ऐकू येत होते.

"हं," तो म्हणाला. "हं. ऐकतोय. मग?"